सात जोती, एक चौकट

जामुल रोड, भिलाई
६ जानेवारी १९८८

तीर्थरूप भैय्याजी मामांना,
शालिकरामचा साष्टांग नमस्कार.

मायनं सांगितलं म्हणून हे पत्र लिहीत आहे. तुम्ही तिचे चुलत भाऊ, आणि घरांच्या सरकारी अनुदानाच्या फायली भोपाळला तुमच्याच ऑफिसात येतात. तुमच्याशिवाय विचारू कोणाला? माझं शिक्षण नववीपर्यंतच झालं. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मालाच्या पावत्या, म्हणजे बिल्ट्या लिहितो. लिहिण्यात काही कमीजास्त झालं तर सांभाळून घ्या.

आमच्या सात कुटुंबांच्या सोसायटीला अनुदानाचा पहिला हप्ता मिळाला. त्यातून सातही घरांची जोती बांधून झाली. दुसऱ्या हप्त्यासाठी नियम असा आहे की प्रत्येक जोत्यावर दाराची चौकट उभी दिसली पाहिजे. निरीक्षक साहेब येऊन पाहतील. एक जरी कमी निघाली तर सगळ्यांची फाईल परत जाईल. आणि चौकट झाली आहे एकच, आमची. मायनं तिची पाटली मोडून सागाची करून घेतली. बाकीच्यांना आत्ता ते जमण्यासारखं नाही. आमचे अध्यक्ष जानरावकाका म्हणतात, "शालिक, तूच लिव गा. तुयं अक्षर पाहून तरी साहेब पाघळन."

दुसरा हप्ता आला नाही तर पावसाळ्याआधी भिंती होत नाहीत, आणि खोलीवाल्यानं आम्हाला तोपर्यंतच मुदत दिली आहे. पण मायची घाई वेगळी आहे. तुम्हाला आठवत असेल, आपल्याकडे माणूस गेला की त्याला घरात घेतात. दारात पीठ पसरून त्यावर टोपली पालथी घालतात आणि बाहेर पाहून नाव घेऊन बोलावतात. पिठावर खूण उमटली की तो आत आला. मग त्याला मेला म्हणत नाहीत, घरात आहे म्हणतात. दुसऱ्याच्या घरात हे करता येत नाही. बाबा गेले ते भाड्याच्या खोलीत. तेव्हापासून माय थांबली आहे.

चौकट उभी राहिली त्याच दिवशी तिनं ते केलं. अजून भिंती नाहीत मामा. उघड्या मुरमावर जोतं, त्यावर बांबूच्या टेकूंनी उभी केलेली चौकट, आणि तिच्यातून आरपार कारखान्याच्या चिमण्यांचा धूर दिसतो. मी म्हटलं, भिंती तरी होऊ दे. तर म्हणाली, "दार झालं ना? येनारा दारातून येते, भित्तीतून नाही."

टोपली उचलली तर पिठावर अंगठ्याएवढी खूण होती. पाखराचीही असू शकते. माय एवढंच म्हणाली, "आले."

बाकीच्या सहा चौकटींचं काय करावं ते कळवा.

आपला भाचा,
शालिकराम


भोपाळ
१५ जानेवारी १९८८

चि. शालिकराम यास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुझं अक्षर पाहून तुझी मामी म्हणाली, "आपल्या पोरांना ह्याच्याकडे शिकवणीला पाठवा, तुमच्याच्यानं काही व्हायचं नाही." घरात माझी किंमत काय आहे ते कळलं असेल.

आता कामाचं. तुमच्याकडचा निरीक्षक एका फेरीत एकच घर पाहतो. सगळी एका दिवसात पाहिली तर भत्ता एका दिवसाचा मिळतो, म्हणून तो सात फेऱ्या करणार. तो स्वतःची सोय पाहतो, तुम्ही तुमची पाहा. चौकट एक आहे ना? मग तो आज ज्या जोत्यावर येणार त्या जोत्यावर ती उभी करा. तो गेला की काढा आणि पुढच्यावर न्या. जोती एकमेकांना लागून नाहीत असं नकाशात दिसतं, तेव्हा त्याला संशय यायचं कारण नाही. हप्ता आला की त्यातून सगळ्यांनी आपापल्या चौकटी करून घ्या. यात कोणाचं काही बुडत नाही. असं पूर्वीही झालेलं आहे, याहून जास्त मी कागदावर लिहीत नाही. हे पत्र वाचून चुलीत घाल.

शकुताईला सांग, सुखरामभावजींना घरात घेतलंस ते बरं केलंस. पण लाकूड ते लाकूड. तिनं मन घट्ट करावं.

तुझा,
भैय्याजी मामा


जामुल रोड, भिलाई
२१ फेब्रुवारी १९८८

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे सर्व झालं. निरीक्षक साहेबांच्या सगळ्या फेऱ्या पार पडल्या. पहिली फेरी आमच्याकडे होती, म्हणून चौकट आमच्याकडून निघाली आणि शेवटी सातव्या घरच्या सिंधुताईंच्या जोत्यापर्यंत जाऊन परत आली. जानरावकाका प्रत्येक वेळी खांदा द्यायला पुढे. म्हणायचे, "नवरदेव एकच अन् बोहले सात! जपून न्या रे, मुंडावळ्या सुटतीन." सगळे हसायचे. माय हसत नव्हती. पहिल्यांदा चौकट उचलली तेव्हा ती आडवी आली.

"एकडाव आत घेतलेल्या मानसाले घेऊन कावून हिंडून राहिले तुमी? थे कोन्या दारात बसन मंग?"

जानरावकाका म्हणाले, "वहिनी, आमच्याकडं येईन सुखरामदादा, चहा पाजू. परका हाये का थो?"

तेव्हापासून रोज दुपारी, चौकट ज्या जोत्यावर असेल तिथे ती पाण्याचा तांब्या घेऊन जायची आणि उंबऱ्याशी ठेवून यायची. लोक म्हणू लागले, शकुबाईचं डोकं ठिकाणावर नाही. मला वाईट वाटलं, पण मी थांबवलं नाही. माझी ड्युटी दिवसाची असल्यामुळे साहेबांसोबत मी एकदाही नव्हतो. जानरावकाकाच फिरले.

एक गोष्ट झाली, ती लिहू की नको असा विचार करत होतो. सिंधुताईंच्या जोत्यावर चौकट उभी करत होतो तेवढ्यात साहेबांची जीप लवकर आली. टेकू लावायचे राहून गेले. आम्ही तसेच बाजूला झालो आणि मी कामावर पळालो. त्या दिवशी वारा फार होता, मुरमाची धूळ डोळ्यात जात होती. चौकट पडणार आणि सगळं उघडं होणार, याच काळजीत माझा दिवस गेला. संध्याकाळी येऊन पाहिलं तर चौकट तशीच सरळ उभी. मी ओळंबा लावून पाहिला. जराही कलली नव्हती.

सुताराचं काम चांगलं आहे, असं मी मायला म्हटलं. तिनं उंबऱ्याशी ठेवलेला तांब्या उचलून नेला.

हप्ता कधी येईल ते कृपया कळवावं.

आपला भाचा,
शालिकराम


भोपाळ
५ मार्च १९८८

शालिकराम,

मी तुला चौकट फिरवायला सांगितली होती. म्हातारा फिरवायला कोणी सांगितलं?

निरीक्षकाचा अहवाल काल टेबलावर आला. सातही घरांच्या पानांवर एकच मजकूर आहे. दारात एक वृद्ध बसलेला भेटला, अंगात बंडी, डोक्याला टॉवेल. त्यानं पाणी दिलं. नाव विचारलं तर सांगितलं, सुखराम. हे घर कोणाचं, तर म्हणे माझं. सात ठिकाणी सात वेळा! तुम्हाला वाटलं असेल, दारात कोणी बसलेलं दिसलं तर घर खरं वाटेल. पण मग दरवेळी वेगळा माणूस बसवायला काय झालं होतं? आणि नाव द्यायचं तर कोणाचंही द्यायचं, स्वतःच्या स्वर्गवासी बापाचं कशाला?

आमच्या मोठ्या साहेबांनी लाल शाईनं लिहिलं आहे की सुखराम नावाच्या एका माणसानं सात घरं बळकावली आहेत, लाभार्थी शालिकरामच्या बापाचं नाव सुखराम आहे, तेव्हा सगळी सोसायटी या एका कुटुंबाचा बनाव दिसतो. सातही घरं रद्द करून दिलेला हप्ता वसूल करावा असा शेरा आहे. फाईल मी माझ्याकडे दाबून ठेवली आहे, पण फार दिवस ठेवता येणार नाही.

तो म्हातारा कोण, ते उलट टपाली खरं लिही.

भैय्याजी


जामुल रोड, भिलाई
१२ मार्च १९८८

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार.

मायच्या गळ्याची शपथ घेऊन लिहितो, आम्ही कोणालाही बसवलं नाही.

तुमचं पत्र वाचलं आणि मी आधी जानरावकाकांना गाठलं. म्हटलं, साहेबांसोबत तुम्ही होतात, दारात कोण होतं? ते म्हणाले, "कोनी नव्हतं बाप्पा. पन साहेब मानूस जरा इचित्रच हाये. चौकटीसमोर उभा राहे अन् आपल्याच तोंडानं बोले. 'बाबा, नाम क्या है? कब से हो यहाँ?' असं इचारे, अन् थांबे, अन् मंग कागदावर लिहे. मले वाटलं, ऑफिसातले लोक असंच पाठ करून लिहीत असन. एकडाव म्हने, 'थोड़ा पानी पिलाओगे?' अन् मंग मिशी पुसली त्यानं. खांद्याले वॉटरबॅग व्हती त्याच्या. मी काही नीट पाहिलं नाही."

मी विचारलं, प्रत्येक घरी असंच? ते म्हणाले, "हो गा. अन् जाताना चौकटीले हात जोडे. मी म्हटलं, भाविक हाये."

बाबा खोकल्यानं आजारी होते तेव्हा अंगात बंडी आणि डोक्याला टॉवेलच असायचा, हे तुम्हाला माहीत नसेल. तुम्ही त्यांना लग्नाकार्यात टोपी घातलेलं पाहिलं आहे. मग त्या साहेबांना कसं माहीत?

मग मायला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मंग? दारात आलेल्याले पानी नाही देन का थे? कधी कोनाले बिनपान्याचं जाऊ देल्लं का त्यायनं?" थोड्या वेळानं म्हणाली, "साहेब भेटला तं त्याले एक इचारजो, खोकला कमी झाला का त्यायचा."

मामा, मला भीती वाटते, पण कशाची ते नीट लिहिता येत नाही. बाबांची असं लिहायला हात उचलत नाही. इथे बाकीच्या घरांना सगळं कळलं आहे. सिंधुताईंनी सोसायटीच्या बैठकीत सर्वांसमोर म्हटलं, "तुमच्या मानसापायी आमी कावून बुडावं?" कोणी त्यांना गप्प केलं नाही. जानरावकाकांनीही नाही.

आमचं एकट्याचं नाव कापलं तर बाकीच्यांचं वाचेल का? पण आमचं कापलं तर मायला कुठे नेऊ? काय करायचं ते सांगा.

शालिकराम


भोपाळ
१९ मार्च १९८८

चि. शालिकराम यास आशीर्वाद.

घाबरू नकोस. निरीक्षक उन्हात फिरला, कुठला तरी मजूर दम खायला दारात बसला, आणि जानरावचं लक्ष बिडीत होतं. याहून जास्त काही नाही. मी सरकारी नोकरीत इतकी वर्षं काढली, मेलेला माणूस मी फक्त पेन्शन घेताना पाहिला आहे.

उपाय सोपा आहे. तू हिंदीत एक बयान लिही. माझे वडील सुखराम मृत आहेत, दाखला सोबत जोडला आहे. पाहणीत भेटलेला इसम माझा कोणी नाही. त्याचा आमच्या घराशी आणि आमच्याशी काही संबंध नाही. बस. निरीक्षक येईल, जागेवर पंचांसमोर ते वाचून दाखवेल, सह्या घेईल. मी त्याच्याशी बोललो आहे. म्हणजे सगळी घरं मोकळी, तुझंही.

हे लिहायला तुला जड जाईल, ते मला कळतं. पण यात खोटं काय आहे? एकूण एक अक्षर खरं आहे. शकुताईला त्या दिवशी कुठे तरी बाहेर पाठव.

तुझा,
मामा


जामुल रोड, भिलाई
८ एप्रिल १९८८

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार.

बयान दिलं.

हिंदी शुद्ध व्हावी म्हणून कच्चं पुष्कळदा लिहून पाहिलं. 'मृत' शब्द लिहिताना दरवेळी अडखळलो. लिहिता येत नव्हता म्हणून नाही. घरात घेतलेल्याला तसं म्हणायचं नसतं, आणि मी तर ते पक्क्या शाईनं लिहीत होतो.

मायला भिलाई-३ ला नात्यातल्या दुर्गाच्या घरी बारशाला पाठवलं होतं. ती अर्ध्या वाटेतून परत आली. बस चुकली म्हणाली. साहेब वाचायला उभे राहिले तेव्हा ती आमच्या जोत्याच्या कडेला येऊन बसली. तिला हिंदी समजते. इतकी वर्षं भिलाईत काढली आहेत.

साहेबांनी भर दुपारी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. आधी ते आमच्याकडे तोंड करून वाचत होते. 'मेरा कोई नहीं है' या ओळीला आले आणि वळून चौकटीकडे तोंड करून वाचू लागले. वाचून झाल्यावर त्यांनी तिकडेच पाहून विचारलं, "सुन लिया, बाबा?" जरा थांबले. मग मला म्हणाले, "ठीक है, दस्तखत करो."

मी केली. पंचांनी केल्या. कोणी एकमेकांकडे पाहिलं नाही.

माय उठली. उंबऱ्याशी तिचा तांब्या होता, तो उचलून तिनं पाणी मुरमावर ओतलं आणि खोलीकडे निघून गेली. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. स्वयंपाक करून ठेवते, कपडे धुते, पण बोलत नाही आणि नावानं हाक मारत नाही. रागावली आहे. राग उतरेल.

हप्ता मंजूर झाल्याची खबर जानरावकाकांना कालच मिळाली. आता सगळे आपापल्या चौकटी करवून घेत आहेत. सिंधुताईंनी आम्हाला लाडू पाठवले. तुमचे उपकार विसरणार नाही.

शालिकराम


भोपाळ
२६ जुलै १९८८

चि. शालिकराम यास आशीर्वाद.

पावसाआधी घरं उभी राहिली, तुम्ही राहायलाही गेलात, हे जानरावच्या पत्रातून कळलं. फार आनंद झाला. शेवटच्या पाहणीचा अहवाल आला आहे. सहा घरं पास. ज्यांचं नाव ते घरात भेटले.

आता तुझ्या घराबद्दल. पाहणीच्या दिवशी रजा घेतली आहे, घरीच थांबतो, असं तुझं कार्ड मला आलं होतं. मग तू होतास कुठे? तुझ्या पानावर निरीक्षकानं लिहिलं आहे की घरात वृद्ध पती-पत्नी राहतात. पुरुषाचं नाव सुखराम. बसायला चटई दिली, पाणी दिलं. लाभार्थी शालिकराम आढळला नाही. तो कोण म्हणून विचारलं असता वृद्धानं सांगितलं, "हमारा कोई लड़का नहीं है." स्त्रीला विचारलं असता तिनं मान खाली घातली, नाही म्हटलं नाही.

मी हे पान पुष्कळदा वाचलं. पहिल्यांदा रागावलो. मग निरीक्षक भोपाळला कामासाठी आला होता, त्याला चहाला नेऊन विचारलं. तो साधा माणूस आहे रे. म्हणाला, "भैय्याजी, बहुत भले बुजुर्ग हैं. बस खाँसी बहुत है."

मोठ्या साहेबांचं म्हणणं, जो राहतो त्याच्या नावे घर करा, ज्याचा पत्ता नाही त्याचं नाव काढा. बाकीच्यांना त्रास नाही. तुझं काय ते आठवड्याभरात कळव. कागद माझ्या हातात आहे तोवरच काही करता येईल. आणि शालिक, या खेपेला मी तुला काय लिही म्हणून सांगणार नाही. तूच ठरव.

मामा


ट्रान्सपोर्ट ऑफिस, भिलाई
२ ऑगस्ट १९८८

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मला पोस्टात जाऊन आणावं लागलं. पोस्टमन घरी आला होता. अंगणातून शालिकराम, शालिकराम अशी हाक मारत होता. मी ओ दिली, पुढे होऊन हात केला. तो घराकडे पाहत थोडा वेळ थांबला आणि पत्र घेऊन परत गेला.

पाहणीच्या दिवशी मी घरी होतो. साहेब आले तेव्हा दार मीच उघडलं. नमस्कार केला. चहाची बशी हातात घेऊन पूर्ण वेळ भिंतीशी उभा होतो. साहेब चटईवर बसून बोलत होते, माझ्या विरुद्ध बाजूच्या कोपऱ्याकडे पाहून. तिथे मला काही दिसत नव्हतं. शालिकराम कोण, हा तुम्ही लिहिलेला प्रश्न त्यांनी विचारला, तेव्हा मीच म्हणालो, "मैं हूँ साहब, शालिकराम." दोनदा म्हणालो. त्यांनी कागदावर काही तरी लिहिलं. चहा गार झाला, तो मी मोरीत ओतला.

इथे ऑफिसात असं काही नाही. मुन्शी मला हाक मारतो, ड्रायव्हर बिल्टीसाठी भांडतात. हे पत्र मी त्यांच्यातच बसून लिहीत आहे. आपल्या जोत्यावर पाय ठेवला की मग मी कोणाला दिसत नाही. परवा मी दारातच चपला काढत होतो, जानरावकाका माझ्या अंगावरून मायला विचारत होते, "वहिनी, शालिक कुठं गेला व गाव सोडून? लय दिस झाले, दिसला नाही." माय चुलीकडे वळली.

ती रागावली आहे की तिलाही मी दिसत नाही, ते मला अजून कळलं नाही. समोर जाऊन विचारायची हिंमत होत नाही. राहायला आलो त्या दिवशी तिनं दारात पुन्हा पीठ पसरलं होतं. आतून बाहेर पाहत नाव घेऊन बोलावलं. मी समोर गाठोडं घेऊन उभा होतो. तिनं एकच नाव घेतलं. मी न बोलावताच आत गेलो. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

ती दोन ताटं वाढते. एक तिचं. मी नंतर भांड्यातलं घेऊन ओसरीवर जेवतो. पण मामा, माय बरी आहे. चेहरा भरला आहे. दुपारी आतून तिचं बोलणं ऐकू येतं, मध्ये थांबते, पुन्हा बोलते, कधी हसते. मी एवढा मोठा झालो, तिला असं हसताना ऐकलं नव्हतं. खोकलाही ऐकू येतो.

तुम्ही म्हणालात, तूच ठरव. मी ठरवलं आहे. घर सुखराम यांच्या नावे करा. माझं बयान परत घेतो असा अर्ज सोबत जोडला आहे. त्यात लिहिलं आहे की पाहणीत सातही घरी भेटलेला इसम माझे वडील आहेत आणि ते घरात आहेत. मोठे साहेब हसले तर हसू द्या. हप्ता परत मागितला तर बिल्ट्या लिहून फेडीन.

एकच मागणं आहे. तुमच्या फॉर्मवर खाली कुटुंबातील इतर सदस्यांचा रकाना असतो. त्यात माझं नाव घाला, आणि नात्याच्या जागी 'मुलगा' लिहा. आणि त्या साहेबांना पुन्हा एकदा पाठवा. भत्ता मिळतो, ते येतील. ते पान त्यांनी आमच्या दारात उभं राहून मोठ्यानं वाचावं, आत ऐकू जाईल असं. त्या वेळी मी बाहेर अंगणात उभा राहीन. हाक आली तरच आत जाईन.

आपला भाचा,
शालिकराम सुखराम नाकाडे